जो आला नाही, तो तुझा पेशंट

डॉक्टर,

तुझा मेल काल रात्री वाचला, सकाळी परत वाचला. एमबीबीएसनंतरच्या सरकारी नोकरीचा बॉन्ड संपत आलाय, बॅचमेट पुण्यात कॅथलॅबमध्ये, हार्टच्या पेशंटपाशी उभे राहतायत आणि तू पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, दिवसभर लोकांच्या दंडाला बीपी मोजायचा कफ बांधतेयस, गोळ्यांच्या पट्ट्या मोजून देतेयस, आणि त्यात मीटिंगमध्ये एका सदस्यानं विचारलं की मॅडम, या बीपीच्या कार्यक्रमात यंदा किती जीव वाचले, आणि तुला काही बोलता आलं नाही. तू हुशार आहेस वगैरे मी लिहीत बसत नाही, ते तुला माहितीये. पण तू गप्प बसलीस याचा मला राग आलाय.

अगं, उत्तर तुझ्या मोबाईलमध्ये होतं. अ‍ॅपमधली ओव्हरड्यू लिस्ट, तारीख उलटूनही न आलेल्यांची यादी. उभं राहून सांगायचं, साहेब, एवढे लोक गोळ्या न्यायला आले नाहीत, त्यातले एवढे आम्ही फोन करून, घरी जाऊन परत आणले, उरलेल्यांसाठी मला गाडी आणि माणूस द्या. ज्याला झटका आलाच नाही तो माणूस कुणाला दाखवणार? न आलेला पेशंट मात्र नावागावासकट दाखवता येतो. ओपीडीत आलेला पेशंट अर्धा बरा झालेलाच असतो, कारण तो आला. जो आला नाही, तो तुझा पेशंट. हे मी सगळ्यांना सांगत आलोय, तुलाही सांगितलं होतं, तू तेव्हा मान डोलावलीस.

2017 साली आयएचसीआय, म्हणजे आपला हा बीपी आटोक्यात आणायचा देशपातळीवरचा कार्यक्रम, सुरू झालं तेव्हा पाच राज्यांतले 25 जिल्हे निवडले होते, त्यात आपला सातारा होता. 2022 मध्ये त्याला युनोचं अवॉर्ड मिळालं. नवीन औषध कुठलं होतं त्यात? काहीच नाही, तीच जुनी बीपीची गोळी अ‍ॅम्लोडिपिन, सरकारी खरेदीत गोळी रुपयाच्या आत पडते. फरक पडला तो साध्या गोष्टींनी. सगळ्यांना उपचाराचा एकच ठरलेला प्रोटोकॉल, महिनाभराच्या गोळ्या एकदम, नर्स आणि आशाताईंना वाटून दिलेलं काम, आणि रिपोर्टमध्ये वेगळा रकाना, गेल्या तीन महिन्यांत कोण आलंच नाही. 140/90 च्या खाली किती आले ते सगळे वाचतात, तू आधी हा रकाना वाच.

कारण बीपी दुखत नाही. माझ्याकडे एक गवंडी होता, चाळिशीतला, 180/110. दोन महिने नियमित आला, मग बरं वाटतंय म्हणून बंद. पुढं भेटला तेव्हा किडनी गेली होती, डाव्या हाताला डायलिसिससाठी रक्तवाहिन्या जोडून केलेला फिस्टुला होता, हात लावला की थरथर लागायची. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर वेळी चार तास, गावातून एसटीनं कराडला, सोबत बायको, म्हणजे त्या दिवशी दोघांची मजुरी बुडाली. डायलिसिस योजनेतून फुकट होतं, पण घर बसलंच. त्या हातानं त्यानं परत थापी धरली नाही.

मी डायलिसिसच्या विरोधात नाही, उगाच तसा अर्थ काढू नकोस, ज्याची किडनी गेली त्याला ते मिळालंच पाहिजे. पण डायलिसिस सेंटरला फीत कापता येते, फोटो येतो, आणि महिनाभराच्या गोळ्या वेळेवर पोचल्या याचा फोटो कोण काढणार. म्हणून तिकडं पैसा जातो. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलंय की दोन तृतीयांश किंवा जास्त पैसा प्राथमिक सेवेवर जावा. तेच वाक्य मी मीटिंगमध्ये वाचून दाखवायचो आणि लोक चहाकडं बघायचे. आशाताईला तिशीपुढच्या माणसाचा तो सीबॅकचा, बीपी-डायबेटिससारख्या आजारांचा धोका तपासायचा, फॉर्म भरल्याचे दहा रुपये मिळतात. दहा रुपयांत ती वस्तीवर चढून जाते, कमरेचं माप घेते, तंबाखू विचारते, आणि आपण तिला परत एकदा चढ म्हणतो. प्रिव्हेन्शनमध्ये गुंतवणूक असं भाषणात म्हणतात ना, ती इथं करायची, तिच्या त्या दुसऱ्या फेरीचे पैसे देऊन.

आणि कोण येत नाही ते नीट बघ. पाटण-जावळीकडचे पुरुष मुंबईत, वाशीच्या मार्केटला माथाडी. आशाताई घरी जाते तेव्हा म्हातारी आणि सून भेटते. तो गडी गावात येतो जत्रेला आणि गणपतीला. मग तुझा कॅम्प मंगळवारी सकाळी पीएचसीत कशाला? जत्रेत देवळामागं टेबल टाक, पालखी येईपर्यंत माणसं बसलेलीच असतात. दोन महिन्यांच्या गोळ्या दे, तिकडच्या दवाखान्याला दाखवायला कार्डावर स्पष्ट लिहून दे, त्याचा स्वतःचा नंबर घे, बायकोचा नको.

फिनलंडमध्ये 1972 साली नॉर्थ करेलिया भागात पेक्का पुस्का नावाच्या डॉक्टरनं हेच केलं, तेव्हा तो जेमतेम सव्वीस वर्षांचा, म्हणजे तुझ्याच वयाचा. तिथं कामधंद्याच्या वयातले पुरुष हार्टनं पटापट जायचे. हा हॉस्पिटलात वाट बघत बसला नाही, गावागावात बायकांच्या मंडळांकडं गेला, डेअरीवाल्यांकडं गेला, सॉसेज बनवणाऱ्यांकडं गेला. साधारण पस्तीस वर्षांत त्या वयातल्या पुरुषांचे हार्टचे मृत्यू ऐंशी टक्क्यांहून जास्त कमी झाले. थंडीचा देश, आपल्याकडं चालणार नाही असं म्हणू नकोस. चेन्नईत डॉ. रामचंद्रन यांच्या टीमनं डायबेटिसच्या उंबरठ्यावरचे 531 लोक घेतले होते, 2006 ला रिझल्ट आला, तीन वर्षांत नुसत्या साध्या सल्ल्यावर ठेवलेल्यांत 55 टक्क्यांना डायबेटिस झाला, चालणं आणि जेवण नीट करायला लावलेल्यांत 39 टक्क्यांना. आपलीच माणसं, आपलंच भात-पोळीचं जेवण. आणि त्यांनी चाला म्हणून सांगून सोडलं नाही, पुन्हा पुन्हा फोन करून विचारत राहिले. परत तेच आलं ना? न आलेल्याच्या मागं जाणं!

माझ्याबद्दल तुला कुणीतरी सांगितलंच असेल की सर हट्टी होते. होतो. रुग्ण कल्याण समितीच्या पैशातून कमान बांधायचं ठरत होतं, मी अडून बसलो आणि बीपीची मशीन आणि गोळ्या घेतल्या. पुढं बदली झाली, मुलांची शाळा मध्येच बदलली, बायकोनं सासूबाईंच्या आजारपणात एकटीनं सगळं काढलं. त्याचं वाईट मला आजही वाटतं, ती बोलत नाही म्हणून जास्त वाटतं. पण कमान बांधायला हवी होती असं एकदाही वाटलं नाही. त्या मशीन अजून चालू आहेत, गेल्या महिन्यात बघून आलो.

पीजीचा फॉर्म भर की. कार्डिओलॉजी कर, मी अडवणारा कोण. फक्त "इथं डॉक्टर म्हणून काही करायला नाही" असं कारण देऊ नकोस, ते खोटं आहे आणि तुला ते कळतंय, नाहीतर एवढा लांब मेल लिहिला नसतास. निघायचं ठरलं तर नवीन येणाऱ्या डॉक्टरला चार्ज देताना ओव्हरड्यू लिस्ट काढून एकेक नाव तोंडी समजावून सांग, कोण मुंबईला असतो, कोण गोळ्या घेऊन देवळीत ठेवतो, कुणाला नवऱ्याला कळू द्यायचं नाहीये. हे अ‍ॅपमध्ये नसतं.

तुझा,
सर

ता.क. मोठा कफ मागवलास का? जाड दंडाला छोटा कफ बांधला की बीपी उगाच जास्त येतं आणि गरज नसलेल्या माणसाची गोळी वाढते. एकदा गोळीनं चक्कर आली की तो परत येत नाही.