आधी दुसरं मत, मग सही

प्रिय बाळा,

तुझा फोन ठेवल्यापासून डोक्यातून विषय जात नाही. बाबांच्या कमरेच्या ऑपरेशनला वर्षही झालं नाही, कळ परत पायात उतरतेय, आणि आता स्क्रू-रॉड टाकायचे, तेही येत्या गुरुवारी. वर तू मला विचारतेस, डॉक्टरांना वाईट वाटेल का? वाटू दे! मणका बाबांचा आहे. आधी दुसरं मत, मग सही.

लघवी अडली, बसायची जागा बधिर झाली, पाऊल उचलेनासं झालं, तर कुणाचीच वाट बघू नकोस, त्याच रात्री हॉस्पिटल गाठ. तसं काही नसेल तर गुरुवार काही मुहूर्त नव्हे.

मणक्यांमधली चकती पुन्हा सरकलीय की नसेभोवती जुन्या जखमेचा व्रण धरलाय? साध्या एमआरआयमध्ये दोन्ही सारखंच दिसू शकतं. शिरेतून औषध देऊन काढलेल्या कॉन्ट्रास्ट एमआरआयमध्ये फरक कळतो. नुसता व्रण असेल तर तो काढला तरी पुन्हा धरतो. बाबांचा कॉन्ट्रास्ट झालाय का? हे विचारल्याशिवाय सही करायची नाही, सांगून ठेवते.

यांच्या वेळी दुसरीकडे दाखवायला मी अडून बसले, तेव्हा थोरल्या दिरांनी चार लोकांत सुनावलं, देवमाणसावर अविश्वास दाखवतेस म्हणून. दुसऱ्या डॉक्टरांनी फिल्म बाजूला ठेवली आणि यांना आधी टाचांवर, मग चवड्यांवर चालायला लावलं. बोटांची ताकद बघितली. मग म्हणाले, घाई नको, व्यायाम सुरू करा. दुखणं पूर्ण गेलं नाही, दीर अजून तेच ऐकवतात. पण हे स्वतःच्या पायांनी बाजारात जातात. मी अडून बसले ते बरोबरच होतं. यांच्या पहिल्या ऑपरेशनच्या वेळी मला कुणी विचारलंच नाही, ती खंत मात्र आहे.

दुसरे डॉक्टर त्याच हॉस्पिटलचे नकोत, पहिल्यांनी सुचवलेलेही नकोत. त्यांना आधी तपासू दे, पहिला सल्ला नंतर सांग. नुसता रिपोर्ट नेऊ नकोस. एमआरआयची सीडी, डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशन नोट ने. आत काय काय काढलं ते त्या नोटमध्येच असतं. कागद द्यायला कुरकुर केली तर सांग, वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत द्यावे लागतात. मानवी हक्क आयोगाच्या २०१८ च्या रुग्णहक्क सनदेत दुसरं मत घेण्याचा हक्कही लिहिलाय.

अर्ज उद्याच दे, लेखी दे, आणि पोच घेतल्याशिवाय काउंटरवरून हलू नकोस. सीडी मिळाली की फोन कर, मी बरोबर येते.

तुझी,
काकू