दोन कोच, दोन सल्ले आणि मधोमध मुलगा

"एक कोच म्हणतो असं मार, दुसरा म्हणतो नेमकं उलट. मुलाने ऐकायचं कुणाचं?" बेसबॉलचा हंगाम सुरू झाला की न्यू जर्सीत माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या मराठी आई-वडिलांकडून हा प्रश्न हमखास येतो. इथे शाळेचा कोच वेगळा, क्लबचा वेगळा, आणि बाहेर बर्फ असताना बंदिस्त केजमध्ये, म्हणजे जाळीच्या पिंजऱ्यात, बॅटिंग शिकवणारा खासगी हिटिंग कोच आणखी वेगळा. एका मुलाची गोष्ट सांगते. घरच्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा चौदा वर्षांचा, नववीतला, हायस्कूलच्या संघात नुकताच आलेला. आई म्हणाली, "केजमध्ये सुरेख मारतो, पण सामन्यात बॅट खांद्यावरून हलतच नाही. तिसरा स्ट्राइक नुसता बघत उभा राहतो." (मारण्याजोगा चेंडू सोडला किंवा बॅट फिरवूनही चुकला की स्ट्राइक; तीन झाले की बाद, म्हणजे स्ट्राइक आउट.) सामन्याच्या दिवशी सकाळी त्याचं पोट दुखायचं. डॉक्टरांनी तपासलं होतं, काही निघालं नव्हतं. वडील पुण्यात क्लब क्रिकेट खेळलेले. त्यांना वाटत होतं, मुलाची मेहनत कमी पडते.

मुलाशी एकट्याने बोलले. "पिचर पाय उचलतो तेव्हा तुझ्या मनात काय असतं?" असं, म्हणजे चेंडू टाकणारा फेकीच्या तयारीत असतो त्या क्षणाबद्दल, विचारल्यावर त्याने बोटांवर मोजायला सुरुवात केली. मागचं कोपर खाली आणायचं नाही. पुढचा पाय उचलायचा की टेकवूनच ठेवायचा. कंबर आधी की हात आधी. बॅट वरून चेंडूवर आणायची की खालून वर न्यायची. आणि बाबा म्हणतात डोकं हलवू नको. यादी संपेपर्यंत चेंडू मागे बसलेल्या कॅचरच्या हातात गेलेला असायचा. मग त्याने जे सांगितलं त्यावर मी थांबले: बॅटिंगला जाण्याआधी तो प्रेक्षकांत कोण आलंय ते बघायचा. खासगी कोच दिसले तर एक पद्धत, नुसते शाळेचे कोच असतील तर दुसरी. दोघंही असले की त्याचे हातपाय गळायचे.

हा पेच तंत्राचा कमी आणि निष्ठेचा जास्त होता. त्याला दोन्ही कोच आवडत होते. एकाचं ऐकलं की दुसऱ्याचा अपमान होतो, असं त्याने मनाशी घट्ट धरलं होतं. शिवाय खासगी कोचच्या फीचा विषय जेवणाच्या टेबलावर निघायचा, तोही त्याच्या कानावर होता.

पालकांना मी आधी हे सांगितलं की दोन कोच वेगळं बोलतात म्हणून त्यातला एक अडाणी ठरत नाही. हा वाद जुना आहे. 1941 मध्ये .406 ची सरासरी (साधारण दर हजार संधींत 406 यशस्वी फटके) गाठणारा बॅटर टेड विल्यम्स सांगायचा की पिचरचा चेंडू उंचावरून उतरत येतो, म्हणून बॅट किंचित वर चढत गेली पाहिजे आणि जोर कंबरेच्या फिरकीतून आला पाहिजे. बॅटिंगचा कोच चार्ली लाऊ शरीराचा भार मागच्या पायावरून पुढच्या पायावर नेण्यावर भर द्यायचा. त्याच्या हाताखाली घडलेल्या जॉर्ज ब्रेटने 1980 मध्ये .390 ची सरासरी गाठली. विल्यम्स आणि ब्रेट दोघंही बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, आहेत. 2015 पासून मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या अव्वल व्यावसायिक बेसबॉलच्या, सगळ्या मैदानांवर स्टॅटकास्ट ही मोजणी यंत्रणा बसली, चेंडू बॅटवरून किती वेगाने आणि किती अंशांत सुटला हे आकड्यांत दिसू लागलं, आणि 'चेंडू हवेत मारा' म्हणणाऱ्यांचं पारडं जड झालं. तरी वाद मिटलेला नाही. जो वाद नामवंतांत मिटला नाही, त्याचा निवाडा चौदा वर्षांच्या मुलाने प्लेटवर, म्हणजे बॅटिंगच्या जागी, उभं राहून करावा, ही अपेक्षाच अन्यायाची आहे.

त्यात या वयात खेळच बदलतो. लहान मुलांच्या लिटल लीगमध्ये पिचर 46 फुटांवर असतो, हायस्कूलमध्ये 60 फूट 6 इंचांवर. बॅटही बदलते. 30 इंचांची 20 औंसांची हलकी बॅट फिरवणाऱ्या मुलाच्या हातात आता 31 इंचांची आणि 28 औंसांच्या खाली न जाणारी बॅट येते, कारण हायस्कूलच्या नियमात बॅटच्या वजनाचा औंसांतला आकडा लांबीच्या इंचांतल्या आकड्यापेक्षा तीनहून जास्त कमी चालत नाही. उंची झपाट्याने वाढत असते ती वेगळीच. अशा वर्षात मुलाची बॅटिंग थोडी बिघडणार. ती बिघडली की घाबरून आणखी एक कोच लावला जातो. या घरातही तसंच झालं होतं.

अर्ध्या सेकंदाच्या आसपास चेंडू येतो. तेवढ्यात कोपर कुठे आहे याचा विचार करायला जागा नसते. रॉब ग्रे या संशोधकाने 2004 मध्ये बॅटिंगच्या कृत्रिम यंत्रणेवर केलेला एक प्रयोग मी पालकांना नेहमी सांगते. सरावलेल्या खेळाडूंना फटका मारताना मध्येच विचारलं, की बॅट आत्ता वर जातेय की खाली? त्यांची कामगिरी घसरली. नुसता ऐकू आलेला आवाज उंच होता की खालचा, एवढंच विचारलं तेव्हा तशी घसरली नाही. नवशिक्यांचं उलट होतं, त्यांना हालचालीकडे लक्ष देण्याचा त्रास झाला नाही. म्हणजे सल्ला शिकताना हवा. सामन्यात चेंडू बघायचा.

मग आईला एक काम दिलं. दोन्ही कोचना वेगवेगळं भेटून, तक्रारीचा सूर न लावता एवढंच विचारायचं: "तुम्हाला त्याच्यात नेमकी कोणती चूक दिसते, जी तुम्ही सुधारताय?" 'कसं मारावं' हे विचारायचं नाही. उत्तरं ऐकून ती स्वतःच चकित झाली. शाळेच्या कोचचं म्हणणं होतं, छातीच्या उंचीच्या वेगवान चेंडूवर याचा मागचा खांदा पडतो, बॅट चेंडूखालून जाते आणि आयता झेल उडतो, म्हणून मी वरून आण म्हणतो. खासगी कोच म्हणाले, गुडघ्याजवळच्या चेंडूवर बॅट वरून कापत येते आणि चेंडू जमिनीवरून थेट शॉर्टस्टॉपकडे, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाकडे, जातो, म्हणून मी वर ने म्हणतो. दोघांनाही खरी चूक दिसली होती, पण वेगळ्या चेंडूवरची. मुलाने मात्र दोन्ही सल्ले सगळ्याच चेंडूंना लावले होते. दर वेळी इतकं सोपं उत्तर निघेलच असं नाही, पण हा प्रश्न विचारल्याशिवाय तुम्ही कोच बदलू नये असं मला ठामपणे वाटतं.

पुढचं मुलाने स्वतः करायचं होतं. कोचशी बोलायची त्याला धास्ती होती, म्हणून आम्ही ते माझ्या खोलीत बोलून पाहिलं. मी कोच झाले. पहिल्यांदा तो माफी मागूनच सुरुवात करत होता. हळूहळू वाक्य जमलं: "कोच, हंगाम संपेपर्यंत मला एकाच गोष्टीवर काम करायचंय. उंच चेंडूवर खांदा पडू द्यायचा नाही. बाकीचं उन्हाळ्यात शिकवाल का?" खासगी कोचनी हे ऐकून घेतलं, इतकंच नाही, हंगामात नवं काही शिकवू नये असं आपलंही मत असल्याचं सांगितलं. चांगल्या शिक्षकाला असं बोललेलं आवडतं. मुलांना हे खरं वाटत नाही.

वडिलांशी बोलणं जास्त नाजूक होतं. परतीच्या गाडीत ते फोनवर काढलेला व्हिडिओ संथ करून मुलाच्या हातात देत आणि घर येईपर्यंत समजावत. मी त्यांना सचिन तेंडुलकरची आठवण दिली. लहानपणी थोरल्या भावाची मोठी बॅट वापरल्यामुळे त्याची पकड हँडलच्या अगदी खाली बसली. बदलून बघ, असं त्याला सांगितलं गेलं. त्याने बदलून पाहिली, जमेना, पुन्हा आपली जुनी पकड धरली. सल्ला ऐकायचा, करून बघायचा आणि नाही जमला तर सोडायचा, ही मुभा तुमच्या मुलाला आहे का? ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ताई, मी फक्त गाडी चालवतो आता." आणि त्यांनी ते पाळलं.

त्या हंगामात मुलगा काही चमकला नाही. सातव्या-आठव्या क्रमांकावर खेळला, स्ट्राइक आउटही झाला, पण बॅट फिरवून. पोटदुखी हळूहळू थांबली. जूनमध्ये खालच्या चेंडूचं काम घेऊन तो स्वतःहून खासगी कोचकडे गेला.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. 'मी सांगतो ते सोडून दुसऱ्या कुणाचं ऐकलंस तर बाकावर बसवीन' असं धमकावणारा, किंवा पाठ-खांदा दुखतोय म्हटल्यावर तसंच खेळायला लावणारा कोच असेल, तर हे संभाषण मुलावर सोपवू नका. तिथे आई-वडिलांनी स्वतः जाऊन बोलायचं, आणि फरक पडला नाही तर मुलाला तिथून काढायचं.