ताई, पार्सल परत धाडू नका

तीन नाण्यांच्या ऑनलाइन लिलावात विक्रेत्यानं टपालाचे ३१० रुपये लावले आणि आता तुम्ही पार्सल न घेताच परत धाडणार, हे वाचून राहवलं नाही. तसं करू नका. मी परभणीत बसून तेच केलं होतं.

२०१९ सालची गोष्ट. निजामाचे, चारमिनारचं चित्र असलेले तीन चांदीचे रुपये. आमचे आजोबा तलाठी, पगार हाली सिक्क्यात, म्हणजे निजामाच्या राज्यातल्या चलनात घ्यायचे. त्यातला एक रुपया १३३७ हिजरीचा, म्हणजे त्यांच्या जन्मसालाचा. बोली माझी लागल्यावर हैदराबादचा विक्रेता म्हणाला, टपाल २८०. अहो, एक रुपया जेमतेम ११ ग्रॅमचा! पुठ्ठा-पाकीट धरून ७० ग्रॅम भरेल. तेव्हा तिथून इथवर २०० ग्रॅमपर्यंतच्या स्पीड पोस्टला जीएसटीसकट ४७ रुपये २० पैसे पडायचे. पैसे भरले, पण राग डोक्यात होता. पोस्टमन दारात आले आणि मी पाकीट हातात न घेता 'नको' म्हणलं.

तिथंच सगळं बिघडलं. वजन आणि भाडं छापलेलं लेबल त्या पाकिटावरच होतं. लिलावाच्या साइटच्या तक्रार विभागाचं दोन महिने एकच उत्तर: माल तुम्ही नाकारला, टपाल मिळणार नाही. जास्तीच्या भाड्याचं विचारलं की म्हणायचे, पुरावा जोडा. कशाचा जोडू? पुरावा तर मीच परत पाठवला होता. शेवटी जाण्यायेण्याचं टपाल कापून पैसे आले, पण तोवर नाणी दुसऱ्याला विकली गेली होती. १३३७ चा तसा स्वच्छ रुपया मला अजून मिळाला नाही.

म्हणून आधी पार्सल घ्या, लेबलचा फोटो काढा, उघडताना व्हिडिओ करा. मगच विक्रेत्याशी बोला. पॅकिंगचे तीस-चाळीस रुपये माझ्या मते रास्त आहेत. विमा उतरवला म्हणत असेल तर पावती मागा.

मी वकील नाही, पण २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे टपाल आणि हाताळणीचा खर्च किमतीत वेगळा फोडून दाखवावा लागतो. साइटच्या तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. नाही दिला तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन लावा. पुढं जिल्हा ग्राहक आयोगात आपण राहतो तिथंच तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत फी नाही. मात्र विक्रेता धंदा म्हणून नाही, घरातलं एखादं नाणं हौसेनं विकणारा असेल तर हे ई-कॉमर्सचे नियम त्याला लागत नाहीत. तिथं बोली लावण्याआधीच टपालाचा आकडा लिहून घ्यावा.

आणि नाणी हाती आली की चिंच किंवा पीतांबरीनं घासू नका, किंमत पडते. लेबलचा फोटो पत्ता झाकून मला पाठवा, वजन बघून खरं भाडं किती बसतं ते काढून देतो.