चार आरव्ही आणि शनिवारचं फॉर्मेशन

"आम्ही चौघे मित्र, प्रत्येकाचे विमान उडवण्याचे पाचशेच्या वर तास झालेत. शनिवारी नाश्त्याला आपापल्या आरव्हीतून (किटपासून बांधलेली छोटी विमानं) फॉर्मेशनमध्ये, म्हणजे एकमेकांच्या जवळ राहून, उडत जातो. लेखी नियम खरंच हवेत का?" असं तुम्ही विचारलंत. हवेत, आणि तेही येत्या शनिवारच्या आधी.

अमेरिकेत यासाठी वेगळं रेटिंग लागत नाही. तिथल्या विमान उड्डाण नियमांतलं कलम 91.111 एवढंच सांगतं: टक्कर होईल इतकं जवळ उडू नका, सगळ्या पायलटांनी आपसात ठरवल्याशिवाय फॉर्मेशन करू नका, आणि पैसे घेऊन प्रवासी नेत असाल तर मुळीच करू नका. म्हणजे सगळी भिस्त त्या 'ठरवण्या'वर. टॅक्सी करताना "माझ्या मागे या" म्हटलं म्हणजे ठरवलं, असं होत नाही.

पाचशे तासांवर विसंबू नका. एकट्याने उडताना अंगवळणी पडलेलं बरंचसं इथे मोडावं लागतं. विंगमनची (मागून येणाऱ्या पायलटची) नजर लीडवरून, म्हणजे पुढच्या, नेतृत्व करणाऱ्या विमानावरून हलायची नाही. बाकीची विमानं, ढग, डोंगर, सगळ्यांचं इंधन हे लीडने सांभाळायचं. म्हणून आज ज्याला हौस आली तो लीड, हे चालणार नाही.

खरा धोका रिजॉइनच्या वेळी, म्हणजे लांबून येऊन पुन्हा लीडच्या शेजारी जागा घेताना असतो. वळणात आतल्या बाजूने जवळ येताना वेग जास्त झाला की नवखा माणूस घाबरून पंख उलट्या बाजूला कलवतो. त्याच्या विमानाचं पोट लीडकडे होतं आणि लीड दिसेनासा होतो. त्यासाठी पहिल्यापासून थोडं खाली राहायचं, थ्रॉटल कमी करायचा, आणि नाहीच थांबता आलं तर लीडच्या खालून, मागून वळणाच्या बाहेर निघायचं. नजर मात्र सोडायची नाही.

लीड दिसत नसेल तर त्याच क्षणी रेडिओवर सांगायचं आणि तो शेवटचा जिथे दिसला तिथून दूर जायचं. लीडने लगेच आपली उंची आणि दिशा सांगायची. एकदा मावळत्या सूर्यात मला लीड दिसेना. आत्ता दिसेल म्हणून मी दोन-तीन सेकंद गप्प राहिलो. दिसला तेव्हा तो माझ्या कॅनोपीच्या (कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाच्या) वर होता, भलताच जवळ. ते आठवलं की आजही हात गार पडतात.

12 नोव्हेंबर 2022 ला डॅलसच्या एअर शोमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं पी-63 हे लढाऊ विमान बी-17 या बॉम्बफेकी विमानावर आदळलं आणि सहा जण गेले. तपासात निघालं की विमानांमधलं अंतर कसं राखायचं हे आधी पुरेसं ठरलेलंच नव्हतं. सगळं ऐनवेळच्या रेडिओ सूचनांवर चाललं होतं.

'फास्ट' म्हणजे फॉर्मेशन अँड सेफ्टी टीमच्या पद्धतीने शिका. विंगमनचं कार्ड (पात्रतेचा दाखला) आधी, लीडचं नंतर, दोन्हींसाठी परीक्षा. हातांच्या खुणांपासून डीब्रीफपर्यंत (उड्डाणानंतरच्या चर्चेपर्यंत) सगळं लिहिलेलं आहे, नव्याने काही शोधायला नको. एकमेकांकडून शिकू नका; चौघांच्या चुका सारख्याच होतील.

तोवर दोन-दोन विमानंच उडवा, मध्ये भरपूर अंतर ठेवून. शेजारची सीट रिकामी, किंवा तिथे फॉर्मेशन शिकवणारा पायलट. आणि ब्रीफिंगला (उड्डाणाआधीच्या बैठकीला) जो उशिरा येईल, तो त्या दिवशी एकटा उडेल.