बेंडिगोला प्लेसमेंट लागली आहे, जाऊ का?

तुम्ही विचारलंय की मेलबर्नमध्ये मास्टर ऑफ टीचिंग करताना मोठी प्लेसमेंट, म्हणजे शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याचा सराव, बेंडिगो या गावच्या माध्यमिक शाळेत लागली आहे, तिथे ओळखीचं कुणी नाही, तर बदलून घ्यावी का. आणि अशा ठिकाणी राहून शिकवण्यापलीकडे माणूस म्हणून काही फरक पडतो का. मी सांगलीहून येऊन हाच अभ्यासक्रम केला, गणित विषय घेऊन, आणि माझीही प्लेसमेंट बेंडिगोलाच होती. बदलून घेऊ नका. जा, आणि तिथेच राहा.

‘तिथेच राहा’ हे मुद्दाम म्हणतेय. 2023 पासून व्हीलाइनच्या, म्हणजे मेलबर्नबाहेर जाणाऱ्या रेल्वेगाड्यांचं दिवसाचं कमाल भाडं मेलबर्न शहराइतकंच झालंय आणि मेलबर्नच्या सदर्न क्रॉस स्टेशनहून बेंडिगो साधारण दोन तासांवर आहे. त्यामुळे मेलबर्नची खोली न सोडता रोज ये-जा करू, असं मनात येतंच. चार तास गाडीत जातील ते जातीलच, पण शाळा सुटली की त्या गावाशी तुमचा संबंधही संपेल. मुलं कुठे राहतात, शनिवारी काय करतात, त्यांच्या घरी कशावरून वाद होतात, यातलं काहीच कळणार नाही. माझ्यात जो काही बदल झाला तो बराचसा शाळेच्या फाटकाबाहेर सुरू झाला.

आठवीच्या वर्गात एक मुलगा होता, वही उघडायचाच नाही. एका शनिवारी मी फुटीचा, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा, सामना बघायला मैदानावर गेले. हिवाळ्यात अर्धं गाव तिथेच असतं. त्याचा मोठा भाऊ खेळत होता आणि हा कडेला उभा होता. मला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून त्यालाच म्हटलं, समजावून सांग. मधल्या दोन खांबांतून चेंडू गेला तर गोल, सहा गुण. बाजूच्या खांबांमधून गेला तर बिहाइंड, एक गुण. फलकावर 10.8 लिहिलेलं असतं म्हणजे दहा गोल, आठ बिहाइंड, एकूण 68. वर्गात तोंड न उघडणारा मुलगा अर्धा तास न थांबता बोलत होता, आणि मला नीट कळलंय का हे मध्ये मध्ये प्रश्न विचारून तपासतही होता.

सोमवारी मी फळ्यावर 10.8 आणि 9.14 लिहिलं आणि विचारलं, कोण जिंकलं? दोन्हीकडे 68, म्हणजे बरोबरी. मग 68 गुण आणखी किती प्रकारे होतील? तिथून 6g + b (g म्हणजे गोल, b म्हणजे बिहाइंड) वर यायला वेळ लागला नाही, आणि शून्य ते अकरा गोल अशा बाराही जोड्या मुलांनीच शोधल्या. तो मुलगा फळ्यापाशी येऊन एका जोडीवर हुज्जत घालत होता.

आपल्याकडे बाईंना सगळं यायलाच हवं, ही समजूत अंगात मुरलेली असते. विद्यार्थ्याला ‘मला कळत नाही, तू सांग’ म्हणताना त्या समजुतीला धक्का बसतो. पण म्हणून पाहा. मान कमी होत नाही, उलट मूल तुमच्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागतं. मी परदेशात जे शिकले त्यात हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

दुसरी गोष्ट थांबण्याची. बेंडिगोत कारेन कुटुंबं बरीच आहेत. मूळची म्यानमारची, त्यातली अनेक थायलंडच्या सीमेवरच्या निर्वासित छावण्यांत वर्षानुवर्षं राहून आलेली. माझ्या वर्गातली एक कारेन मुलगी प्रश्न विचारला की खाली बघायची, आणि वर्ग लगेच दुसऱ्याकडे वळायचा. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने 1970च्या दशकात दाखवून दिलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात. तीन सेकंद किंवा जास्त थांबलं तर उत्तरं लांबतात आणि जास्त मुलं बोलू लागतात. पुस्तकात हे वाचणं वेगळं आणि पंचवीस किशोरवयीन मुलांसमोर ती शांतता सहन करणं वेगळं. मी माझ्या मेंटर बाईंना, म्हणजे माझे तास बघणाऱ्या तिथल्या शिक्षिकेला, सांगितलं, आज बाकी काही बघू नका, फक्त प्रत्येक प्रश्नानंतरचे सेकंद लिहा. पान भरत गेलं तसे आकडे वाढत गेले. त्याच आठवड्यात त्या मुलीने अपूर्णांकांच्या बेरजेचं उत्तर दिलं, अगदी हळू आवाजात, आणि छेद सारखे का करायचे ते कारणासकट.

ही सवय वर्गापुरती राहिली नाही. आईशी फोनवर बोलताना मी तिचं वाक्य तोडायचं सोडलं. ती मग अशा गोष्टी बोलू लागली ज्या आम्ही घरात कधी बोललोच नव्हतो.

मेंटरबद्दल एक सांगते. आपल्या बी.एड.च्या सराव पाठात निरीक्षण वहीवर ‘फलकलेखन चांगले’ असा शेरा पडला की विषय संपतो. तिथे जवळजवळ प्रत्येक तासाला कुणीतरी मागे बसून टिपणं काढतं आणि नंतर समोरासमोर बोलतं. ‘कसा झाला तास?’ असं मोघम विचारू नका. एकच बाब ठरवून द्या आणि तिच्यावरच बोला. टीका अंगाला लागत नाही आणि दुसऱ्या दिवशी काय करायचं हे ठरलेलं असतं.

एकटेपणा येणार. जूनमध्ये सव्वापाचला सूर्य मावळतो, सकाळी गवतावर हिमकण असतात, आणि ‘जेवलीस का’ असं कुणी आपणहून विचारत नाही. तुमची अडचण ओळखून मदतीला यायची तिथे पद्धत नाही, पण तोंड उघडून सांगितलं तर माणसं मनापासून धावून येतात. प्रिन्सिपलना नावाने हाक मारायला जीभ वळत नव्हती तेव्हा मला अशी मदत मागणं फार जड गेलं. पण पहिल्याच आठवड्यात स्टाफरूममध्ये ‘मला सकाळी गाडीतून सोडेल का कुणी’ असं विचारलं आणि दोन शिक्षिका तयार झाल्या. त्यातल्या एकीबरोबर रोजच्या प्रवासात मी जितकं शिकले तितकं एखाद्या सेमिनारमध्येही शिकले नसेन.

पैशाचं मात्र आधी बघा. प्लेसमेंटला पगार नसतो. जुलै 2025 पासून सरकारने सुरू केलेला प्रॅक पेमेंट हा प्लेसमेंटच्या काळातला भत्ता आपल्यासारख्या स्टुडंट व्हिसावाल्यांना लागू नाही. अभ्यासक्रमातली सक्तीची प्लेसमेंट स्टुडंट व्हिसावरच्या पंधरवड्याला 48 तास कामाच्या मर्यादेत मोजत नाहीत, पण मेलबर्नमधली तुमची अर्धवेळ नोकरी तेवढे आठवडे बंदच राहील. दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात एकूण किमान 60 दिवस शाळेत काढायचे असतात, तेव्हा या टप्प्यात किती दिवस आहेत ते विद्यापीठाकडून पक्कं करून घ्या आणि तेवढं भाडं आताच बाजूला ठेवा. खोलीसाठी आधी शाळेच्या प्लेसमेंट कोऑर्डिनेटरना मेल करा. शिक्षकांपैकी कुणाकडे रिकामी खोली असेल तर ते त्यांनाच सगळ्यात आधी कळतं.