अमेरिकेत निवडणूक खर्चाला मर्यादा नाही का? एवढा पैसा जातो कुठे?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. अमेरिकेत निवडणुकीवर एवढे डॉलर उघड उघड खर्च होतात, तर खर्चाला मर्यादा नाही का? तो पैसा जातो कुठे? आणि तुमचा धाकटा भाऊ एच-वन व्हिसावर तिकडे आहे, त्याला एखाद्या उमेदवाराला देणगी देता येईल का?

मी सतरा वर्षं पेनसिल्व्हेनियात राहते. नागरिक झाल्यापासून दोन निवडणुकांत प्रचाराचं काम केलं आहे. कोणत्या पक्षाचं ते सांगत नाही, कारण पैशाचं गणित दोन्हीकडे सारखंच आहे.

मर्यादा आहे, पण ती देणाऱ्यावर. खर्च करणाऱ्यावर नाही. २०२४ मध्ये एका माणसाला एका उमेदवाराला एका निवडणुकीसाठी जास्तीत जास्त ३,३०० डॉलर देता येत होते. पक्षाचा उमेदवार ठरवणारी प्रायमरी आणि नोव्हेंबरची मुख्य निवडणूक वेगळ्या धरतात, म्हणजे दोन्ही मिळून ६,६००. कंपनीला तर उमेदवाराच्या खात्यात एक डॉलरही भरता येत नाही, ती बंदी १९०७ पासूनची आहे. पण असे जमवलेले पैसे उमेदवाराने किती उधळावेत याला धरबंध नाही. वॉटरगेट या राजकीय घोटाळ्यानंतर १९७४ मध्ये तिथल्या संसदेने खर्चावरही मर्यादा घातली होती. १९७६ मध्ये बकली विरुद्ध वालेओ खटल्यात सुप्रीम कोर्टाने ती रद्द केली. लोकांपर्यंत आपलं म्हणणं पोचवायला पैसा लागतोच, त्यामुळे खर्च अडवणं म्हणजे बोलणं अडवणं, असं कोर्टाचं म्हणणं. मोठ्या देणगीतून मिंधेपणा येतो हे मात्र कोर्टाला पटलं, म्हणून देणगीवरची मर्यादा राहिली. आपल्याकडे लोकसभेच्या उमेदवाराला महाराष्ट्रात ९५ लाखांची मर्यादा आणि पक्षाला मोकळं रान, तसंच काहीसं हे अर्धं दार बंद, अर्धं उघडं.

या अर्ध्या दाराचा परिणाम मी जवळून पाहिला आहे. प्रतिनिधिगृहासाठी, म्हणजे तिथल्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहासाठी, पहिल्यांदाच उभ्या राहिलेल्या एका उमेदवाराच्या कार्यालयात मी काही दुपारी फोन लावून द्यायला बसायचे. याला ‘कॉल टाइम’ म्हणतात. खोलीत एक टेबल, दोन फोन आणि कागदांचा गठ्ठा. एका कागदावर एक माणूस : नाव, व्यवसाय, आधी कुणाला किती दिले, मुलं कुठल्या कॉलेजात, आणि सगळ्यात खाली जाड अक्षरात मागायची रक्कम. मी नंबर लावायचा, पलीकडून ‘हॅलो’ आलं की फोन उमेदवाराच्या हातात द्यायचा आणि कागद समोर सरकवायचा. ते आधी मुलाच्या कॉलेजची चौकशी करायचे, मग रक्कम मागायचे, आणि मागून झाल्यावर गप्प राहायचे. गप्प राहायला त्यांना शिकवलेलं होतं. समोरचा हो किंवा नाही म्हणेपर्यंत आपण बोलायचं नाही. एका दुपारी चार तासांत साठेक फोन झाले. बहुतेक व्हॉइसमेलवर गेले, नऊ जण बोलले, चौघांनी पैसे कबूल केले. त्याच दुपारी एक वयस्क बाई कार्यालयात आल्या होत्या. नवऱ्याच्या औषधाच्या खर्चाबद्दल त्यांना उमेदवाराशी पाच मिनिटं बोलायचं होतं. त्यांना कॉफी दिली, थांबायला सांगितलं. तासाभराने मी बाहेर डोकावले तेव्हा कप तसाच भरलेला होता आणि बाई गेल्या होत्या.

तो उमेदवार मनाने चांगला होता, हे मी आजही सांगेन. पण देणगीला मर्यादा आणि खर्चाला नाही, असं झालं की उमेदवाराला शेकडो लोकांकडे हात पसरावा लागतो, आणि ६,६०० डॉलर सहज देऊ शकणारी माणसं एका ठरावीक थरातलीच असतात. दिवसातले चार तास तुम्ही ज्यांचं ऐकता, त्यांचेच प्रश्न हळूहळू तुम्हाला देशाचे प्रश्न वाटायला लागतात. निवडून आल्यावरही हे थांबत नाही. प्रतिनिधिगृहाची मुदत अवघी दोन वर्षं. सरकारी कार्यालयातून देणगीचे फोन करायला बंदी आहे, म्हणून वॉशिंग्टनमध्ये खासदार संसदेतून उठून जवळच्या पक्षकार्यालयात जाऊन फोन लावत बसतात.

आता तुम्ही बातम्यांत वाचता ते मोठे आकडे. २०१० मध्ये ‘सिटिझन्स युनायटेड’ खटल्यात सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल दिला की, कंपन्या आणि कामगार संघटना उमेदवाराच्या हातात पैसे न देता स्वतंत्रपणे प्रचारावर हवा तेवढा खर्च करू शकतात. त्याच वर्षी अपिलाच्या कोर्टाच्या आणखी एका निकालाने असा स्वतंत्र खर्च करणाऱ्या गटांना कितीही मोठ्या देणग्या घ्यायला मोकळीक मिळाली. हेच सुपर पॅक. अट एकच, उमेदवाराशी संगनमत नको. २०२४ मध्ये एलॉन मस्क यांनी एकट्याने २५ कोटी डॉलरहून जास्त रक्कम ओतली, बरीचशी स्वतःच्या सुपर पॅकमधून. कमला हॅरिस यांच्या प्रचाराने १०० कोटी डॉलरच्या वर देणग्या गोळा केल्या आणि तरी त्या हरल्या. म्हणजे नुसत्या पैशाने निवडणूक जिंकता येते असं नाही. पण पैशाशिवाय शर्यतीत उभंही राहता येत नाही, हे मी माझ्या अनुभवावरून ठामपणे सांगते.

उघडपणाची बाजू मात्र मला खरोखर आवडते. एखाद्या संसदीय किंवा अध्यक्षपदाच्या उमेदवाराला २०० डॉलरपेक्षा जास्त दिले की तुमचं नाव, पत्ता, व्यवसाय आणि नोकरी कुठे हे सगळं फेडरल इलेक्शन कमिशनच्या संकेतस्थळावर येतं. पुण्याच्या माझ्या भाच्याने गंमत म्हणून माझं नाव टाकलं आणि दोन मिनिटांत मला फोन केला, ‘मावशी, तू कुणाला पैसे दिलेस ते दिसतंय!’ आपल्याकडे निवडणूक रोख्यांत देणाऱ्याचं नाव झाकलेलं असायचं, सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ते रोखे रद्द करेपर्यंत. अमेरिकेतही झाकायची वाट आहेच. काही ना-नफा संस्थांना देणगीदार जाहीर करावे लागत नाहीत, त्या संस्था सुपर पॅकला पैसे देतात, आणि यादीत फक्त संस्थेचं नाव उरतं. हे कमिशन आपल्या निवडणूक आयोगासारखं नाही. ते मतदान घेत नाही, फक्त पैशाचा हिशेब बघतं. त्यात सदस्यांच्या सहा जागा, एका पक्षाचे तीनपेक्षा जास्त नाहीत आणि कारवाईला चार मतं लागतात, त्यामुळे प्रकरणं अडून बसतात. मतदान घेणं हे राज्यांचं आणि काउंटीचं (म्हणजे साधारण जिल्ह्याचं) काम, म्हणून नियम दर राज्यात निराळे.

पैसा जातो कुठे, याचं उत्तर मी नदीच्या दोन्ही काठांवर पाहिलं आहे. अध्यक्ष देशभरच्या मतांच्या थेट बेरजेवर ठरत नाही, प्रत्येक राज्याच्या वाट्याला ठरावीक निर्वाचक मतं असतात. एकूण ५३८, जिंकायला २७०. मेन आणि नेब्रास्का सोडून बाकी सगळीकडे राज्यात पुढे असलेल्याला तिथली सगळी मतं मिळतात. पेनसिल्व्हेनियाची १९ आणि निकाल अलीकडे काठावर. २०१६ मध्ये इथला फरक जेमतेम ४४ हजार मतांचा होता. त्यामुळे २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आमच्याकडे टीव्हीवर फिलीज या इथल्या बेसबॉल संघाचा सामना लावला की डावांच्या मधल्या प्रत्येक जाहिरातीत दोन उमेदवार. टपालात एका शनिवारी अकरा गुळगुळीत कार्डं. डेलावेअर नदीपलीकडे न्यू जर्सीत, एडिसनला, माझी मैत्रीण राहते. तिच्या दारावर पूर्ण मोसमात कुणी आलं नाही. तिथली १४ मतं कुठे जाणार हे आधीच गृहीत धरलेलं. तिचं आणि माझं मत कागदावर सारखंच, पण एकाही उमेदवाराला तिच्या मताची काळजी करावी लागली नाही. मला ही गोष्ट पैशापेक्षाही जास्त खुपते.

उरलेला पैसा दारोदार फिरण्याच्या व्यवस्थेवर जातो. तुम्ही मत कुणाला दिलं ते गुप्त, पण कोणत्या पक्षात नाव नोंदवलंय आणि कोणत्या निवडणुकीत मत द्यायला गेलात हे इथल्या मतदारयादीत दिसतं आणि प्रचारवाल्यांना ती यादी मिळते. आमच्या फोनवर रस्त्यातली फक्त निवडक घरं यायची. ४२ नंबरला जा, ४४ सोडा, ४६ मध्ये फक्त मुलीशी बोला. कुणी दार उघडलं नाही तर पत्रक दाराच्या मुठीला अडकवायचं. टपालपेटीत टाकायचं नाही, कायद्याने बंदी आहे.

मतासाठी पैसे वाटणं हा सरळ गुन्हा आहे आणि पाकिटं मी कुठे पाहिली नाहीत. पण मस्क यांच्या सुपर पॅकने चुरशीच्या राज्यांतल्या नोंदणीकृत मतदारांना एका अर्जावर सही केल्याबद्दल रोज एकाला १० लाख डॉलर द्यायला सुरुवात केली, तेव्हा प्रकरण फिलाडेल्फियाच्या कोर्टात गेलं आणि न्यायाधीशांनी ते थांबवलं नाही. माझ्या मते ते थांबवायला हवं होतं.

आता तुमच्या भावाचं. एच-वनवर असताना त्याला देणगी देता येणार नाही, पाच डॉलरची टोपीसुद्धा प्रचाराच्या दुकानातून घ्यायची नाही, कारण ती विक्री देणगीत धरतात. ग्रीन कार्ड मिळाल्यावर देणगी देता येते, मत नाही. बिनपगारी स्वयंसेवक म्हणून मात्र त्याला आजही काम करता येईल, पत्रकं वाटता येतील. आणि एक गोष्ट त्याला आजच कळवा. गाडीचा परवाना काढताना मतदार नोंदणीबद्दल विचारलं जाऊ शकतं. घाईत तिथे ‘मी नागरिक आहे’ या चौकटीत खूण करू नको म्हणावं. त्या एका खुणेने पुढे ग्रीन कार्ड आणि नागरिकत्व दोन्ही अडचणीत येऊ शकतं. चुकून झालीच असेल तर स्वतः पत्रं लिहीत बसण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला गाठायला सांगा.