तीन संस्था मिळून कचरागाड्यांचे रूट ऑप्टिमाइझ करायचे आहेत. काम कसं वाटून घ्यावं?

प्रश्नात तुम्ही म्हणता, एका कॉलेजने कचऱ्याचा अंदाज बांधायचा, दुसऱ्याने त्यावरून रूट काढायचे, गाड्या आणि आकडे नगरपालिकेचे. वाटणी वाईट नाही, पण अशी कामं बिघडतात ती नेमकी दोन कॉलेजांच्या मधल्या सांध्यावर.

हिशेब करून बघा. गाडी 6 टनांची, थांबे 12, दर थांब्याला सरासरी 500 किलो. अंदाजवाले 500 हा एकच आकडा देतात आणि सॉल्व्हर, म्हणजे रूट काढणारा प्रोग्राम, बाराही थांबे एका फेरीत कोंबतो, बरोब्बर 6,000 किलो. पण सरासरी म्हटल्यावर जवळपास निम्मे दिवस कचरा त्याहून जास्त असणार. शेवटच्या थांब्याआधीच गाडी भरली की ड्रायव्हर आपल्या जुन्या रस्त्याला लागतो, आणि त्याचं काही चुकत नाही. त्याऐवजी 11 थांबे घ्या. 500 किलो जागा उरते. प्रत्येक थांब्याचं प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा नेहमीचा चढउतार) 100 किलो आणि थांबे एकमेकांपासून स्वतंत्र धरले, तर बेरजेचं विचलन 100 गुणिले 11 चं वर्गमूळ, म्हणजे 332 किलोच्या आसपास. शंभरातले 93 दिवस निभावतात. लागून सुट्ट्या आल्या की सगळीकडचा कचरा एकदमच वाढतो, तिथे ‘स्वतंत्र’ हे गृहीतक कोसळतं. त्या दिवसांचे रूट वेगळे काढा.

म्हणून अंदाजवाल्यांकडून एक आकडा घेऊ नका, खालची-वरची मर्यादा घ्या. अंदाज बांधणाऱ्या मॉडेलची परीक्षाही सरासरी चुकीवर नको. त्या अंदाजावर काढलेल्या रूटमध्ये गाडी किती वेळा ओसंडली, ते मोजा. चाचणीचा डेटा तारखेने तोडा: जुन्या महिन्यांवर शिकवा, नंतरच्यांवर तपासा. ओळी सरमिसळ करून तोडल्या की उद्याची माहिती आज गळते आणि निकाल उगाच देखणे दिसतात.

अंतरं सरळ रेषेत मोजू नका. 200 थांब्यांचा प्रवासवेळेचा तक्ता 40,000 नोंदींचा होतो आणि एकेरी रस्त्यांमुळे जाण्यायेण्याचे आकडे वेगळे असतात. ओपनस्ट्रीटमॅपच्या खुल्या नकाशावर ओएसआरएम हे रस्ते शोधणारं सॉफ्टवेअर चालवलं की तो तयार मिळतो, फक्त त्याचं नेहमीचं प्रोफाइल कारचं आहे. ट्रक न शिरणाऱ्या गल्ल्या ड्रायव्हरला शेजारी बसवून हाताने खोडाव्या लागतात. थांब्यावर डबा उचलायला लागणारा वेळही घाला, तो हमखास विसरला जातो.

सॉल्व्हरच्या निवडीवर बैठका घालवू नका. रूटिंगसाठी ओआर-टूल्स हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि सुरुवातीला पुरतं. 15 थांब्यांचेच 1.3 लाख कोटींहून जास्त क्रम होतात, तेव्हा सगळे तपासायचा प्रश्नच नाही. पाच-दहा मिनिटांत मिळेल ते चांगलं उत्तर घ्या. आकडेच वीस टक्के इकडेतिकडे असताना शेवटच्या एका टक्क्यासाठी रात्रभर मशीन चालवण्यात काय हशील? ‘उत्तर नाही’ असं आलं तर बहुतेक वेळा एखादी नोंद चुकलेली असते, किलोच्या जागी टन वगैरे. सॉल्व्हरला थांबा सोडायची मुभा ठेवा, पण सोडल्यास हिशेबात जबर दंड लावा, म्हणजे सॉल्व्हर जो थांबा गाळेल तिथेच चूक शोधता येते.

आणि पहिल्या बैठकीत, मॉडेलचं नावही निघायच्या आत, आजचे रूट जीपीएसवर दोन आठवडे नोंदवायला लावा. तुलना त्यांच्याशीच करायची आहे, आणि नवे रूट सुरू झाल्यावर जुन्यांची नोंद कुठून आणणार?